पहिल्या हाकेला ओ

खालून कुणी हाक मारली तर मी लगेच ओ देत नाही. नवरा यावरून फार चिडतो. भोरच्या आमच्या घराचा जिना अरुंद, त्यात त्याचे गुडघे कुरकुरणारे. खालून त्याने "अगं, ऐकलंस का?" म्हटलं आणि वरून काहीच आलं नाही की त्याला वाटतं, बायको मुद्दाम करते. मुद्दाम नाही करत. दुसरी हाक येईपर्यंत माझा आवाजच फुटत नाही. ही सवय मला वेल्ह्यातल्या विंझर गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीने लावली. आधी ती गंमत होती, मग सवय झाली, आणि आता सरळ सांगायचं तर मला भीती वाटते.

मी एका लहानशा ट्रस्टचं काम करते. पुण्यातल्या एक बाई, त्यांना मूलबाळ नव्हतं, जाताना सगळं काही लेकीबाळींच्या कामाला लावा असं सांगून गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. कार्यालयात त्यांचा फोटो आहे, हार घातलेला, चष्म्यातून रोखून बघणारा. त्यांच्या मागे जे राहिलं त्यातून भोर-वेल्ह्यातल्या बायकांच्या गटांना आणि मुलींच्या शिक्षणाला अनुदान मिळतं. कुठे काय द्यायचं ते पुण्यातली समिती ठरवते आणि कुठे काय हवं आहे ते बघून यायचं काम माझं. या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर माझे केस पांढरे झाले.

समितीतली माणसं वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. एकदा त्यांनी मोठ्या प्रेमाने त्याच वाडीतल्या मुलींना सायकली दिल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते, मला कुणी विचारलं नव्हतं. वाडीची वाट अशी की बकरीसुद्धा खाली उतरताना विचार करते. पुढे मी गेले तेव्हा सायकली वळचणीला टांगलेल्या होत्या आणि एकीच्या कॅरिअरवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी फोटो काढून पुण्याला पाठवला.

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पुढे विंझरला उतरायचं. पाचवी-सहावीतल्या पोरी पोरांच्या मागोमाग जायच्या. मग एखाद्या वर्षी पोरगी मोठी व्हायची आणि दप्तर खुंटीला लागायचं. कुणी आरडाओरडा करायचं नाही, कुणी रडायचं नाही. "आता बास झालं" एवढंच म्हणायचे. शाळेच्या वाटेत कारवीचं रान होतं, आणि रानाच्या मधोमध ओढा. ओढ्याकाठी आसरांचे दगड होते, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणींचे, शेंदूर फासलेले. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि खणाचे तुकडे पडलेले असायचे.

मी देवळापुढे बायका जमवल्या आणि विचारलं, मुलींसाठी काय हवं? मला वाटलं वह्या म्हणतील, गणवेश म्हणतील. एक म्हातारी म्हणाली, "सोबत द्या."

"कसली सोबत?"

"पोरींना वो. जाताना नि येताना. कुणी बाईमाणूस मोठं पायजे संगं. आमी रोज गेलो तर रानातलं कोण बगंल?"

त्यांनी बाईसुद्धा हेरून ठेवली होती. नवऱ्याने दुसरी आणल्यावर ती माहेरी परत आली होती आणि भावाच्या घरी कोपऱ्यात राहत होती. अंगाने किरकोळ, स्वभावाने हेकट, सदा मिश्रीचं बोट दाताला. तिच्याकडे बघून मला काही फार भरवसा वाटला नाही. पण ती म्हणाली, "भावजयीच्या हातचं खाती म्या. पोरींना नेती-आणती म्हणलं तर मला बी घरातनं भायेर पडाया निमित्त हुईल." हे मला पटलं.

समितीला पटेना. सोबत ही काय देण्याची वस्तू आहे का? त्यापेक्षा सौर दिवे देऊ. मी म्हटलं, मुली दिवसा चालतात. मग शिट्ट्या देऊ, एक जण म्हणाले. दुसऱ्यांना चिंता पडली की अहवालात याचा फोटो कसा घालायचा, सोबतीचा फोटो कसा निघणार? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या सूनबाईंना रात्री स्टेशनवरून आणायला जाता, त्याचा काढता का? थोडं जास्तच बोलले, पण एका वर्षासाठी, प्रायोगिक म्हणून, सोबत मंजूर झाली.

ही बातमी घेऊन मी वाडीत गेले तेव्हा ग्रँट या शब्दाची वाडीने वाट लावली. आधी ती गरँट झाली आणि दुसऱ्या वाक्यात ग्यारंटी. "आली का ग्यारंटी?" मी समजावत बसले, अहो ग्रँट म्हणजे अनुदान, त्यात ग्यारंटी कसलीच नसते. त्यावर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "ग्यारंटी न्हाई तर मंग दिली कशापायी?" आणि माझं नाव ग्यारंटीताई पडलं.

नाव पाडणारी पोरगी आठवीत होती. सगळ्यांत मोठी तीच, म्हणून वाटेवर सगळ्यांत पुढे तीच. दोन घट्ट वेण्या, एका डोळ्यावर जरा झुकलेली भुवई, आणि तोंड कधी बंद नाही. तिला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. मी विचारलं, का गं? म्हणाली, "कंडक्टरच्या हातात बेल असती. तिनं वाजवली की गाडीला जावंच लागतं. मदी कोण आडवू शकत न्हाई." तिचा बाप पानशेतला कुणा पुणेकराच्या बंगल्यावर राखणदार होता, पंधरवड्याने घरी यायचा. माणूस सरळ होता. त्याने मला देवळापाशी सांगितलं, "सोबत हाय तवर जाऊ द्या तिला. सोबत सुटली की शाळा सुटली. माझा इलाज न्हाई." मी ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं.

त्या वर्षी पावसाळ्यात मी बऱ्याचदा त्यांच्याबरोबर चालले. धुकं असं की पुढच्या पोरीची वेणी दिसायची आणि पोरगी दिसायची नाही. ओढा ओलांडला की सोबतीण उभी राहायची आणि एकेकीच्या नावाने हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेला धुक्यातून "ओ" यायची. मग दुसरीचं नाव. मला भूक लागलेली असायची, मी वैतागून म्हटलं, "एका हाकेला ओ द्यायला काय होतं गं तुम्हाला?"

कंडक्टर व्हायचं होतं त्या पोरीने मला बाजूला घेतलं. "एका हाकेला ओ द्यायची न्हाई ताई. ती हाक माणसाची नसती. माणूस परत मारतं. त्ये परत मारत न्हाई."

"आणि दिली तर?"

"तर मागं येतं. घरापतूर."

मी हसले. माझ्या आईनेही लहानपणी असलंच काहीतरी सांगितलं होतं, आणि आमचं घर तर भोरात, वडील कचेरीत. पोरगी हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "आन पोरं बी एकदाच मारत्यात."

पोरं म्हणजे गाडीवरची. पानशेतच्या हॉटेलांत कामाला जाणारी, पाबे घाटातून येता-जाता रस्त्याच्या वळणावर गाडी जरा हळू करून एखादीचं नाव एकदाच घ्यायची आणि निघून जायची. तेवढ्यावर पोरीने वळून पाहिलं तर संध्याकाळपर्यंत वाडीत बोललं जायचं, हिनं ओ दिली. एवढे दोन शब्द पुरायचे. त्या मोठ्या पोरीच्या चुलतबहिणीची शाळा त्याच दोन शब्दांत संपली होती. म्हणून वाडीतल्या आया पोरींना चालायला शिकवताना हेही शिकवायच्या. भूत असो की पोरगा, पहिल्या हाकेला तोंड मिटून उभं राहायचं.

ते वर्ष चांगलं गेलं. वाडीत एकाही पोरीचं दप्तर खुंटीला लागलं नाही. सोबतीण अंगाने भरली, भावजयीला उलटून बोलायला लागली. मोठी पोरगी नववीत गेली आणि एसटीची पाटी दिसली की लांबूनच गाव ओळखून दाखवायला लागली.

अनुदान पुढे चालू ठेवायचं तर कुणीतरी पाहणी करायला हवी, असं समितीने ठरवलं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण मी वाडीची झाले आहे असं त्यांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. पाहणीला नवीन सल्लागार आली. तरुण मुलगी, हुशार, मनाने चांगली. नेमकी तेव्हा मी तापाने अंथरुणाला खिळले होते, सांधे असे धरलेले की कूस बदलायलाही नवरा लागायचा. तिने मला त्रास दिला नाही. कुणाला आधी कळवलंही नाही, कारण कळवलं की माणसं तयारी करतात, आणि तिला खरं काय ते बघायचं होतं. दुपार कलल्यावर ती गाडी खाली ठेवून एकटीच वर चढली आणि ओढ्यापाशी आसरांच्या दगडांजवळ बसून राहिली. धुकं उतरलेलं. शाळा सुटून बराच वेळ झाला होता.

खालून पावलं वाजल्यासारखी वाटली तशी ती उठली आणि तिने हाका मारल्या. तिने सगळ्या मुलींची नावं पाठ केली होती. मुलींना परकं वाटू नये, आपलं कुणीतरी आलंय असं वाटावं, म्हणून. एकेकीचं नाव, मोठ्याने, प्रेमाने, एकेकदा.

एकीनेही ओ दिली नाही.

त्या जवळच होत्या. कारवीत, ओढ्याच्या अलीकडे, एकमेकींचे हात धरून. अनोळखी बाईचा आवाज, आसरांच्या जागेवरून, धुक्यातून, आणि प्रत्येकीचं नाव त्याला ठाऊक. परत हाक नाही. सोबतिणीने त्यांना काहीही न बोलता वरच्या आडवाटेला घातलं. करवंदीच्या जाळीतून ओरबाडत, एकीची चप्पल तिथेच टाकून, त्या घरी पोचल्या. दुसऱ्या दिवशी वाडीतून एकही पोरगी शाळेला उतरली नाही. त्याच दिवशी सल्लागार मुलीने सोबतिणीच्या मोबाईलवर एकदा फोन केला. नंबर अनोळखी. तिने तो उचलला नाही आणि मुलीने परत लावला नाही.

मी चालायला लागल्यावर वाडीत गेले आणि हे सगळं ऐकलं. आधी मला हसू फुटलं. बायकाही हसल्या. मग मला एकदम कळलं की पुण्याला काय लिहून गेलं असेल: वाटेवर ना पोरी, ना सोबत. मी सांगितलं, अहो, ती आमचीच मुलगी होती, पुण्याहून आलेली. बायकांनी माना डोलावल्या. सोबतीण मात्र माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माणूस व्हती तर परत का न्हाई मारली हाक?"

समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. अध्यक्ष मोठ्याने हसले. "म्हणजे आपण आता भुताखेतांना अनुदान द्यायचं?" सगळेच हसले, सल्लागार मुलगी सोडून. ती डोळे पुसत होती. "मी नावं पाठ केली होती हो," एवढंच म्हणत होती. तिने स्वतः सांगितलं की माझं चुकलं, सोबत चालू ठेवा. पण समितीला आता वेगळीच अडचण दिसत होती. ट्रस्टने अंधश्रद्धेला खतपाणी घातलं असं उद्या कुणी म्हणालं तर? मी टेबलावर हात आपटला, कुणाचा तरी चहा सांडला. म्हटलं, अंधश्रद्धा राहू द्या बाजूला, तुम्ही स्वतः काय करता? एकदा हाक मारता आणि निघून जाता. माणसासारखं परत मारा की एकदा! बाईंच्या फोटोकडे बघून मी हे म्हणाले, कारण जिवंत माणसांकडे बघून म्हणायचं धाडस संपलं होतं. त्या वर्षी शिवणयंत्रं मंजूर झाली.

सोबतीण फुकट जायला तयार होती. भावाने जाऊ दिलं नाही, त्याला रानात हात हवे होते. आणि वाडीनेही मनावर घेतलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. वाट बिघडली, असं आता बापही म्हणायला लागले होते.

मोठ्या पोरीचं दप्तर खुंटीला लागलं. मी गेले की ती शेणाचे हात तसेच ठेवून पुढे यायची. "ग्यारंटीताई, ग्यारंटी कवा येणार?" मी म्हणायचे, प्रयत्न चालू आहेत. ते खरं होतं. मी दुसऱ्या दोन-तीन संस्थांची दारं ठोठावली, तिच्या बापाच्या पायऱ्या झिजवल्या, तिला भोरात माझ्या घरी ठेवते म्हटलं. बाप म्हणाला, "लोकाच्या घरी पोर ठिवायची म्हंजी काय?" पुढे ती विचारायची थांबली. लग्न झाल्याचं मला नंतर कळलं. अठरा पूर्ण झाली होती का? घरचे हो म्हणाले. मला अजून शंका आहे आणि राग तर आहेच.

मागच्या उन्हाळ्यात सारोळ्याला एका गटाची बैठक होती. ती आटोपून मी हायवेला एसटीची वाट बघत होते. रस्त्याकडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आत बाकडी, घुंगरं बांधलेला चरक. मागच्या बाजूला बादलीपाशी एक पोरगी ग्लास विसळत होती. हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावरून पदर. पदराखाली एका डोळ्यावर झुकलेली भुवई.

मी तिच्या नावाने हाक मारली. ती हलली नाही. मला बरंच वाटलं, नियम पाळते आहे. दुसरी मारली. ग्लासातला हात थांबला. मग मी नीट, सोबतिणीसारखी, तिसरी हाक मारली आणि वाट बघितली.

चरकावरची बाई म्हणाली, "कुणाला हाका मारताय वो? त्या नावाचं हितं कोण न्हाई."

मी बोट दाखवलं. ती बाई हसली. "आमची सून हाय ती. तिचं नाव..." आणि तिने मला भलतंच नाव सांगितलं. तबकात तांदूळ पसरून मुलाने अंगठीने लिहिलं म्हणाली, मुलाच्या नावाला जुळेल असं. कौतुकाने सांगत होती. सासू म्हणून वाईट नसावी, तिने मला आलं-लिंबू घालून रस दिला आणि पैसे घेतले नाहीत. ग्लास आणून ठेवला तो त्या पोरीनेच. मी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी हाय," ती म्हणाली, ग्लासाकडे बघत. तोंड कधी बंद नसायचं त्या पोरीचं.

एसटी आली. कंडक्टर बाई होती, खाकीतली, दारात उभी राहून "भोर, भोर" ओरडत होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली.

"ग्यारंटीताई."

एकदाच. त्या नावाने मला हाक मारणारं सारोळ्यात दुसरं कोण असणार? मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. गर्रकन वळले आणि "ओ!" म्हणाले, एवढ्या मोठ्याने की आतले प्रवासी बघायला लागले.

ती पाठमोरी बसलेली होती. बादलीवर वाकून ग्लास विसळत होती. सासू चरकात ऊस घालत होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. कंडक्टरने बेल वाजवली आणि गाडी निघाली.

वाडीचा नियम मला माहीत होता. तेव्हापासून माझ्या मागे, घरापर्यंत, ते आलेलं आहे. समितीच्या बैठकीत "हे एकदाच द्यायचं, पुढचं बंधन नको" असं कुणी म्हणालं की माझ्या पाठीमागे ग्लास विसळल्याचा आवाज येतो. मी हे कुणाला सांगत नाही. दर वर्षी सोबतीची मागणी परत मांडते. सल्लागार मुलगी माझ्या बाजूने हात वर करते. बाकीचे करत नाहीत.

आणि घरी, जिन्याखालून हाक आली की मी थांबते. नवऱ्याची असली तर दुसरी येते, चिडलेली. कधी कधी दुसरी येतच नाही. मग मी खाली जाऊन त्याला विचारते, तू मला बोलावलंस का रे? पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणतो, नाही बुवा.